नवतीवर फवारा, फुलावर माशी

नागपूरजवळच्या काटोलकडे मामाची संत्र्याची बाग आहे. त्याच्या वावरात आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, फुटला की जानेवारी-फेब्रुवारीत धुऱ्यावरूनच संत्र्याच्या फुलांचा वास येतो. अडचण अशी की फूल आणि नवती, म्हणजे नवी पालवी, एकाच वेळी फुटते आणि कोवळ्या नवतीवर सायला ही रस शोषणारी बारीक कीड बसते. मग फवारणीचा पंप निघतो. दोन वर्षांपूर्वी सकाळी दहाला फवारा झाला आणि दुपारी मधपेटीच्या दारासमोर माशांचा सडा पडला. एक उचलून तळहातावर घेतली. पाय आखडलेले, जीभ लांब बाहेर आलेली. अशी जीभ ही विषबाधेची ओळखीची खूण आहे.

मामा म्हणाला, "फुलावर थोडीच मारून राहिलो बाप्पा, नवतीवर मारून राहिलो."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण फूल आणि नवती एकाच फांदीवर असतात. शिवाय आपण ज्याला सरळ 'औषध' म्हणतो, त्यातली थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात. पानावर पडलेली झाडाच्या रसात उतरतात, तिथून मकरंदात आणि परागात पोचतात.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही प्रतवारी सस्तन प्राण्यांना किती विष लागतं यावरून ठरते; माशीचा त्यात विचार नाही. थायामेथोक्झाम या हिशेबात निळ्या गटात बसतं, म्हणजे मध्यम विषारी. पण ते पोटात गेलं तर एका मधमाशीमागे सुमारे 5 नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेने निम्म्या माशा मरतात. एका ग्रॅममध्ये अशा 20 कोटी मात्रा होतात.

धोका मोजायची एक जुनी, सोपी रीत आहे. हेक्टरी औषधातला किती ग्रॅम मूळ विषारी घटक पडतो, त्या आकड्याला निम्म्या माशा मारणाऱ्या मात्रेने भागायचं. ही मात्रा दर माशीमागे मायक्रोग्रॅममध्ये घ्यायची. उत्तर 50च्या वर गेलं तर प्रयोगशाळेतली चाचणी पुरत नाही, जाळीच्या मांडवात आणि मग उघड्या शेतात तपासावं लागतं. हेक्टरी 25 ग्रॅम थायामेथोक्झाम धरा. अंगावर पडून निम्म्या माशा मारणारी मात्रा 0.024 मायक्रोग्रॅम. भागाकार हजाराच्या वर जातो.

मला जास्त काळजी वाटते ती न मरणाऱ्या माशांची. 2012 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी माशांच्या पाठीवर चिमुकल्या चिप चिकटवल्या आणि त्यांना मरणार नाहीत इतकंच थायामेथोक्झाम पाजून दूर सोडलं. बऱ्याच माशा पेटीत परतल्याच नाहीत, वाट चुकल्या. अशा वेळी दारात मेलेली माशी दिसत नाही, पेटी नुसती हलकी होत जाते. युरोपियन युनियनने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर थांबवला, त्यामागे मधमाश्यांचंच कारण होतं.

तरी आपल्या हातात बरंच आहे. पेटीपुढे पांढरी चादर अंथरून रोज सकाळी मेलेल्या माशा मोजाव्यात. रोजचा आकडा माहीत असला की फवाऱ्यानंतरची उडी लगेच कळते. स्पिनोसॅडसारखं औषध ओलं असताना माशीला घातक, पण वाळल्यावर त्याचा धोका बराच उतरतो; ते माशा परतल्यावर, संध्याकाळी मारलं की पुष्कळ फरक पडतो. आंतरप्रवाही औषधाला मात्र ही युक्ती पुरत नाही, कारण सकाळी ते मकरंदात असतंच. ते फुलोऱ्यात टाळायलाच हवं. पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवायची सवयही सोडायला हवी. काही बुरशीनाशकं माशीच्या शरीरातली विष पचवणारी यंत्रणाच रोखतात आणि मग कीटकनाशक कितीतरी जास्त लागू पडतं.

पाण्याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. पोळ्यातल्या पिलांना 34-35 अंश तापमान लागतं आणि नागपूरचा मे 45च्या पुढे जातो. माशा पाणी आणून पोळ्यात पसरतात, पंखांनी वारा घालून ते उडवतात आणि पोळं थंड ठेवतात. विहिरीजवळ मामा पंप धुवायचा तिथल्या ओल्या चिखलावर मी त्यांना रांगेने पाणी पिताना पाहिलंय. आता मामाने धुण्याची जागा लांब नेली आणि पेटीजवळ खडे टाकलेलं पसरट टोपलं भरून ठेवलंय. खडे नसले तर माशा बुडतात. धुऱ्यावरचे कडुनिंब आणि करंजही त्याने तोडू दिले नाहीत. पळस, मोहा संपल्यावर उन्हाळ्यात माशांना तोच आधार.

आणि एवढं करूनही माशी मामाच्या वावरात राहत नाही. ती पेटीपासून फक्त एक किलोमीटर फिरली तरी सुमारे 775 एकर तिच्या वाट्याला येतात. मामाची बाग सहा एकर. म्हणून या वर्षी बहार धरायच्या आधी तो शेजारच्या चार वावरांत जाऊन बसला. तिघांनी संध्याकाळची वेळ कबूल केली. चौथ्याचा गडी सकाळीच येतो, संध्याकाळी थांबत नाही. त्याच्यासाठी फवाऱ्याचा माणूस शोधणं चालू आहे.