केशरी जर्दाळूतलं गंधक

वाशीच्या मसाला बाजारात सुकामेव्याच्या गाळ्यांवर दोन तऱ्हेचे जर्दाळू दिसतात. एक केशरी, मऊसूत. दुसरे तपकिरी, सुरकुतलेले. हात केशरीकडेच जातो. तो रंग टिकवलेला असतो गंधकाच्या धुरीनं. त्यातला सल्फर डायऑक्साइड फळ काळं पडू देत नाही आणि बुरशीलाही अडवतो. हे परिरक्षक कायद्याला मान्य आहे, प्रश्न प्रमाणाचा. हा वायू फळातल्या ओलाव्यात विरघळला की सल्फाइट बनतं; दम्याच्या काही रुग्णांना थोड्या सल्फाइटनंही धाप लागते. अमेरिकेत काही जण दगावल्यावर १९८६ साली कच्च्या खायच्या फळांवर आणि भाज्यांवर त्याला बंदी आली. आपल्याकडे किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल, तर वेष्टनावर तसं छापावं लागतं.

छापायचं तर आधी मोजायला हवं. १९२७ साली ब्रिटनच्या मोनिए-विल्यम्स यांनी दिलेली पद्धत अजूनही वापरात आहे: पदार्थ आम्लात उकळायचा, सुटलेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये धरायचा आणि बनलेलं गंधकाम्ल मोजायचं. पद्धत भरवशाची, पण वेळखाऊ. शिवाय लसूण-कांद्यात मुळातच गंधकाची संयुगं असल्यानं तिथे ती फसते, नसलेलं सल्फाइट दाखवते.

विजेनं मोजायची वाट त्याआधीच उघडली होती. प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ साली थेंबाथेंबानं गळणारा पारा इलेक्ट्रोड म्हणून, म्हणजे द्रावणात वीज नेणारं टोक म्हणून वापरला. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं की कोणता पदार्थ कुठे इलेक्ट्रॉनची देवघेव करतो, ते प्रवाहाच्या उडीवरून कळतं. उडी जितकी उंच, तितका पदार्थ जास्त. याच पोलॅरोग्राफीसाठी त्यांना १९५९ चं नोबेल मिळालं. पारा विषारी, म्हणून पुढे प्लॅटिनम आणि कार्बन आले. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स या संशोधकांनी इलेक्ट्रोडला एन्झाइमची, म्हणजे ठरावीक रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची जोड देऊन ग्लुकोज मोजायची कल्पना मांडली. सल्फाइट ऑक्सिडेज हे एन्झाइम तेच काम सल्फाइटसाठी करतं: त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि इलेक्ट्रोड ते मोजतो. कार्बनची शाई छापलेली, ग्लुकोमीटरच्या पट्टीसारखी पट्टी त्याला पुरते.

अशी पट्टी गाळ्यावरच वापरता यावी, असं मला मनापासून वाटतं. पण जर्दाळू सोपा नाही. फळातलं क जीवनसत्त्वही इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन देतं आणि आकडा फुगवतं. उलट, बरंचसं सल्फाइट फळातल्या साखरेला आणि अल्डिहाइड नावाच्या संयुगांना चिकटून बसलेलं असतं. ते पट्टीला दिसत नाही; आधी अल्कलीत भिजवून सोडवावं लागतं.