गळा बसतो तेव्हा: रियाजाच्या परंपरेतले मौनाचे काळ

ख्यालगायकीच्या घराण्यांत गळ्याच्या दुखण्यांसाठी भरपूर शब्द आहेत. आवाज बसला, फुटला, चिरकला, जड झाला, आज सूरच लागत नाही. मनाच्या थकव्यासाठी मात्र शब्द शोधावा लागतो. 'कंटाळा' म्हणावं तर तो शागिर्दाने उस्तादासमोर उच्चारायचा शब्द नव्हे. त्यामुळे जुन्या गवयांच्या हकिकती वाचताना एक सवय लावून घ्यावी लागते: जिथे 'आवाज गेला' असं लिहिलेलं असेल तिथे जरा थांबायचं. नुसता गळाच गेला होता की आणखीही काही, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. आधी काय चाललं होतं आणि आवाज परतल्यावर काय बदललं, ते पाहिलं की थोडं कळतं.

'बर्नआउट' हा आज मराठीतही रुळलेला शब्द तसा अलीकडचा. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 1974 मध्ये मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या लोकांविषयी लिहिताना तो वापरला. पुढे ख्रिस्तिना मास्लॅक यांनी 1981 मध्ये सुसान जॅक्सन यांच्यासोबत त्याची मोजपट्टी बनवली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. ही सगळी चर्चा नोकरदारांची आहे. ज्याच्या कामाला सुट्टी नसते आणि जिथे काम आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत, त्या कलावंताचं काय होतं, याचे दाखले आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून पडून आहेत.

आधी 'रियाज' या शब्दाकडे बघू. मूळ अरबी धातूत घोडा वळणावर आणण्याचा, शरीराला सवय लावण्याचा अर्थ आहे. आजच्या अरबीत 'रियादा' म्हणजे चक्क खेळ, क्रीडा. सूफींकडे त्याला देह आणि वासना कह्यात आणण्याचा अर्थ मिळाला आणि गवयांनी तो दोन्ही अंगांनी उचलला. चाळीस दिवस जगापासून तुटून एकच गोष्ट घोटायची ती 'चिल्ला'ची पद्धतही सूफींचीच. फारसीत चाळीसला 'चिहिल' म्हणतात, त्यावरून हे नाव. चिल्ल्याच्या कथा सांगताना लोक तासांचा आकडा सांगतात, पण त्याला शेवट असतो हे विसरतात. एकेचाळिसाव्या दिवशी माणसाने खोलीबाहेर यायचं असतं.

मराठीने यात 'तालीम' या शब्दाची भर घातली. आपल्याकडे कुस्तीचा आखाडा म्हणजे तालीम, उस्तादाकडून मिळते ती तालीम आणि नाटकाचीही तालीमच. कोल्हापुरात तर हे तिन्ही अर्थ हाकेच्या अंतरावर नांदत होते. शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ होते, त्याच महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला आणि खासबाग मैदान उभं केलं. गवयाच्या मेहनतीचं वर्णन जोर-बैठकांच्या भाषेत व्हायचं ते उगीच नाही. गळा 'तयार' करायचा, दम 'कमवायचा', तानेला 'ताकद' आणायची. मात्र ही उपमा अर्धवट उचलली गेली असं माझं मत आहे. पैलवानाच्या मेहनतीइतकाच त्याचा खुराक, मालिश आणि झोप यांचाही हिशेब वस्ताद ठेवतो. गवयांच्या दंतकथांत फक्त जोर-बैठकाच उरल्या.

खुद्द अल्लादिया खाँसाहेबांची (1855–1946) गोष्ट या दंतकथेला छेद देते. ते अत्रौलीच्या धृपदियांच्या घराण्यातले, काका जहांगीर खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकलेले. ऐन उमेदीत, उत्तरेकडच्या एका छोट्या संस्थानात असताना, रोजच्या दीर्घ गाण्याच्या ताणाने त्यांचा आवाज गेला. काही काळ गाणं बंद राहिलं. आवाज परत आला तो आधीचा नव्हता, त्यात पूर्वीची लवचीकता उरली नव्हती. पुढे जी गायकी जयपूर-अत्रौली म्हणून ओळखली गेली (अवघड, दोन राग जोडून केलेल्या जोडरागांनी भरलेली, तालाच्या एकेका आवर्तनात स्वरांची न तुटणारी साखळी विणणारी), तिची घडण या बदललेल्या आवाजाशी जुळवून घेताना झाली असं अनेक जाणकार मानतात. म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कष्टसाध्य समजल्या जाणाऱ्या घराण्याच्या मुळाशी अति गाण्याने झालेली इजा आहे. रियाजाचे तास मोजणाऱ्यांनी ही बाब क्वचितच पुढे आणली.

दरबार होता तोवर आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आपण सहसा बघत नाही. राजाश्रयात रोजची भाकर सुटलेली असे. बहुतेक ठिकाणी गवयाला वर्षाकाठी ठरावीक प्रसंगी गावं लागे, बाकीचा वेळ मेहनतीला मोकळा. शिष्य गुरुगृही राहायचा, पाणी भरायचा, पाय चेपायचा आणि गुरूची मर्जी लागली की शिकायचा. या पद्धतीत जाच कमी नव्हता. विद्या हातची राखली जायची, कित्येकांची उमेदीची वर्षं सेवेतच सरली. मात्र 'आज गायला बसू का?' हा प्रश्न शिष्याने स्वतःला विचारायचा नसे. गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधला की तो प्रश्न गुरूचा झाला. आपण आज ज्याला प्रेरणा म्हणतो ती गोष्ट एकेकट्या माणसाच्या खांद्यावर ठेवलेलीच नव्हती.

ही घडी विस्कटली ती विष्णु दिगंबर पलुस्करांच्या हातून, आणि चांगल्या हेतूने. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झालेल्या या मुलाला मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिकवलं. गुरुगृहीचं जिणं त्याने जवळून पाहिलं होतं. 1901 मध्ये लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, 1908 मध्ये मुंबईत. तिथे फी होती, वेळापत्रक होतं, छापील पुस्तकं आणि परीक्षा होत्या. गाणं कुणालाही शिकता येऊ लागलं, अगदी घरंदाज समजल्या जाणाऱ्या मुलींनाही. ही क्रांतीच होती. तिची किंमत म्हणजे रियाज 'घरचा अभ्यास' झाला. आठवड्याला दोन तास वर्ग, उरलेली मेहनत ज्याची त्याने करायची. कधी? नोकरीच्या आधी. कुठे? चाळीतल्या दहा बाय बारात, भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला शेजारी झोपलेला असताना. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, ही कल्पना वाड्यांत जन्मली होती, गिरगावात तिला उशी तोंडावर दाबून घ्यावी लागली. माझ्या पिढीतल्या क्लासला जाणाऱ्या बहुतेकांना 'रियाज केलास का?' या प्रश्नाने जी अपराधी कळ यायची, तिचा उगम इथे शोधावा.

पलुस्करांचं स्वतःचं काय झालं? मुंबईची इमारत कर्जात गेली, लिलाव झाला. उत्तरायुष्यात ते मैफलीपासून दूर होत रामनामाकडे वळले आणि नाशिकला आश्रमात राहिले. 1931 मध्ये ते वारले. चरित्रकारांनी याला भक्ती म्हटलं आहे, आणि ती होतीच. पण पंचवीस वर्षं संस्था ओढून, वर्गणीसाठी गावोगाव गाऊन दमलेला एक माणूसही मला त्यात दिसतो.

मौनाचा सर्वांत परिचित दाखला कुमार गंधर्वांचा. 1924 मध्ये बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला शिवपुत्र कोमकळी बालपणीच थोरामोठ्यांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन लोकांना थक्क करायचा. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे तो शिकू लागला. देवधर स्वतः आवाजाच्या शास्त्राचे अभ्यासक, अनेक घराण्यांचं मोकळ्या मनाने ऐकणारे. लग्न झालं 1947 मध्ये आणि लगेचच क्षयाचं निदान. कोरड्या हवेसाठी 1948 च्या सुरुवातीला कुमार देवासला गेले. गाण्याला डॉक्टरांची मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध 1943 मध्ये अमेरिकेत सापडलं होतं, ते नुकतंच इथे मिळू लागलं होतं. त्याने जीव वाचला, एक फुप्फुस मात्र निकामी झालं.

पाच-एक वर्षं गाणं नाही, ऐकणं मात्र भरपूर. खिडकीबाहेरून माळव्यातल्या बायका गात जायच्या, त्यांच्या लोकगीतांच्या धुना कुमारांनी टिपल्या, त्यात दडलेले राग शोधले. 1953 च्या सुमारास ते मैफलीत परतले तेव्हा श्वास पूर्वीइतका पुरत नव्हता. लांब ताना खेचण्याऐवजी छोटे, टोकदार तुकडे, अचानक उसळणारा तार सूर आणि मधल्या शांततेचा वापर आला. माळव्याच्या धुनांवरून बांधलेले नवे राग आले, पुढे निर्गुणी भजनं आली. या काळाची गोष्ट सांगताना आपण देवासची टेकडी, पक्षी आणि लोकगीतं रंगवतो. पण त्या वर्षांत घर चाललं ते पत्नी भानुमतींच्या शाळेतल्या नोकरीवर. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या. 1961 मध्ये बाळंतपणात त्या गेल्या. कुमारांना ऐकत पडून राहता आलं, कारण दुसरं कुणी रोज सकाळी उठून शाळेत जात होतं.

किशोरी आमोणकरांच्या बाबतीतही हेच धागे आहेत, वेगळ्या विणीत. आई मोगूबाई कुर्डीकर, गोव्यातल्या कुर्डीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. किशोरीताई लहान असतानाच वडील गेले. मोगूबाईंनी शिकवण्या आणि मैफली करून मुलं वाढवली. आईची तालीम कडक: ती एक ओळ गायची, मुलीने ती तशीच म्हणायची, चर्चा नाही. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात किशोरीताईंचा आवाज गेला, सुमारे दोन वर्षं. पुण्याच्या सरदेशमुख महाराजांच्या आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला असं त्या सांगत. मधल्या काळात गाणं चालू होतं ते मनात. आवाजात काढता येत नसल्यामुळे घराण्याचा साचा बाजूला ठेवून त्यांना रागाच्या भावाचा विचार करता आला. परतल्यावर त्यांनी आईचं गाणं नाकारलं नाही, पण त्यात जो सैलपणा, थांबून सुराकडे पाहणं आलं, त्यावर घराण्यातले जुने लोक नाराजही झाले.

अल्लादिया खाँ, कुमार आणि किशोरीताई या तिन्ही उदाहरणांवरून 'थांबा, म्हणजे सुचेल' असा सल्ला काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. आवाज गेल्यावर परत न आलेले गवई इतिहासात नोंदलेच जात नाहीत. शिवाय या तिघांच्याही मागे आधीची अफाट मेहनत होती. मौनात डोक्यात फिरवायला काहीतरी साठलेलं होतं. एवढंच म्हणता येईल की आपल्या परंपरेने शिस्तीची आठवण तासांत जपली आणि गायकीची वळणं मात्र अनेकदा तास बंद पडले तिथे आली.

थांबण्याचा आणखी एक प्रकार आहे. केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. बरकतुल्ला खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा अनेकांकडे थोडंथोडं शिकून 1921 मध्ये अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला आणि पुढे अनेक वर्षं त्यांच्याकडे एकेका पलट्यावर (स्वरांच्या घोटायच्या तुकड्यावर) महिने काढले. मानी बाई, रेकॉर्डिंगला सहजासहजी तयार होत नसत. 1963-64 च्या सुमारास, आपला आवाज आपल्याच कसोटीला पूर्वीसारखा उतरत नाही असं वाटल्यावर त्यांनी जाहीर गाणं बंद केलं. आजार नव्हता, कुणाची मनाई नव्हती. 1977 मध्ये अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवर त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई वारल्या. मैफल सोडून त्यांना तोवर तेरा-चौदा वर्षं झाली होती.