पीयूसीच्या नळीला न सापडलेली चोरी

घोडबंदर रोडवर पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या पीयूसी व्हॅनपाशी डिझेल गाडी नेली की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. पोरगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि ओरडतो, "काका, फुल रेस द्या. सोडा. परत द्या." चार-पाच वेळा इंजिन किंचाळतं, पडद्यावर आकडा येतो, कागद हातात पडतो. या तपासणीत मोजला जातो तो धुराचा काळेपणा. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. आणि डिझेल गाड्यांचा जो घोटाळा जगभर गाजला, तो सगळा या न दिसणाऱ्या वायूंचा होता.

आपल्याकडे घरोघरी डिझेल गाड्या आल्या त्या भावातल्या फरकामुळे. 2012च्या उन्हाळ्यात पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांहून जास्त अंतर होतं. ठाण्याहून बीकेसीला किंवा ऐरोलीला रोज गाडी काढणारा माणूस शोरूममध्ये बसून हिशेब करायचा: डिझेलला लाखभर जास्त मोजले तर किती वर्षांत वसूल? नळीतून काय बाहेर पडतं हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता, आणि तो नसल्याबद्दल गिऱ्हाइकाला दोष देण्यातही अर्थ नाही. ते बघायला सरकारी प्रमाणपत्र होतं ना!

त्या प्रमाणपत्रातच मेख होती. गाडी मंजूर होते ती प्रयोगशाळेत. रोलरवर चाकं फिरतात, वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वाढतो-उतरतो, स्टिअरिंग मात्र हलत नाही. एवढ्या खुणांवरून गाडीतल्या संगणकाला परीक्षा चालू आहे हे ओळखता येतं. मग तो धूर परत इंजिनात फिरवतो, नायट्रोजन ऑक्साइड दाबून ठेवतो. रस्त्यावर आल्यावर ही शिस्त सैल सोडायची. युक्ती जुनीच. 1998 साली अमेरिकेत ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्या याच प्रकारात सापडल्या होत्या.

महाराष्ट्राला पहिला धक्का मात्र जर्मनीतून बसला नाही, शेजारच्या गुजरातेतल्या हालोलमधून बसला. लग्नाच्या वऱ्हाडाला आणि शिर्डीच्या फेरीला ठाण्यात हमखास ठरवली जाणारी टॅवेरा. जुलै 2013मध्ये जनरल मोटर्सने 2005 ते 2013 या काळातल्या 1,14,000 टॅवेरा परत बोलावल्या. इथे सॉफ्टवेअरचीही गरज पडली नव्हती. कमी धूर सोडणारी इंजिनं निवडून तपासणीच्या गाड्यांत बसवली जात होती. वर्गातली हुशार पोरं तेवढी इन्स्पेक्शनला पुढे बसवायची, तसं.

दोन वर्षांनी जर्मनीची फोक्सवॅगन. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीचं यंत्र गाडीतच बसवून ती रस्त्यावर चालवली आणि आकडे जुळेनात. 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोटीस काढली: नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात अशा 1 कोटी 10 लाख गाड्या असल्याचं कंपनीनेच मान्य केलं.

गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडलं, इथे खरी गंमत आहे. 2016च्या तडजोडीत अमेरिकेतल्या मालकाला गाडी परत देऊन पैसे घेता आले, वर 5,100 ते 10,000 डॉलर भरपाई. जर्मनीत मे 2020मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वापराचे पैसे कापून गाडीची किंमत परत मागण्याचा हक्क मान्य केला. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या, तर उत्सर्जन बीएस-4 या तेव्हाच्या भारतीय मानकाच्या मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट निघालं. रस्त्यावरच्या चाचणीला भारतात मापदंडच नाही, असं कंपनीचं म्हणणं. दुर्दैवाने ते खरंही होतं. डिसेंबर 2015मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून 3,23,700 गाड्या 'स्वेच्छेने' परत बोलावल्या गेल्या. ठाणे-नवी मुंबईच्या मालकाच्या वाट्याला आलं सर्व्हिस सेंटरचं बोलावणं आणि दुरुस्ती. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019मध्ये 500 कोटींचा दंड ठोठावला, पण तो पर्यावरणाच्या हानीपोटी, मालकांसाठी नव्हे. त्यावरही मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली.

गाड्या परत बोलवायला लावण्याचा स्पष्ट अधिकार केंद्राला मिळाला तो 2019च्या मोटार वाहन दुरुस्तीने. ती तरतूद लागू झाली एप्रिल 2021पासून. खरेदीदाराला पूर्ण किंमत किंवा बदली गाडी, हे शब्द तेव्हा कायद्यात आले. रस्त्यावरच्या उत्सर्जनाची मर्यादा त्याहून उशिरा, 1 एप्रिल 2023ला.

तोवर बाजार दुसऱ्याच कारणांनी फिरला होता. 2014मध्ये डिझेलचे भाव खुले झाले, अंतर आटलं. 2020मध्ये बीएस-6 आलं आणि छोटं डिझेल इंजिन स्वच्छ करण्याचा खर्च परवडेना. मारुतीने डिझेल सोडलं, फोक्सवॅगननेही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, तशी इथल्याही जुन्या गाडीची किंमत करताना दलाल आधी साल विचारू लागले.

आज तुर्भ्याला एखादी 2013ची एमएच-43 डिझेल पोलो बघायला गेलात, तर दलाल टायर दाखवेल, एसी लावून दाखवेल, ताजी पीयूसी हातात ठेवेल. रिकॉलचं काम, म्हणजे कंपनीने परत बोलावून करायची दुरुस्ती, झालंय का, हे त्या कागदावर नसतं. त्यासाठी चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरलाच विचारावं लागतं.