आपल्या काळ्या दगडाचं धाकटं भावंड

रंकाळा म्हणजे मुळात दगडाची खाण होती, हे कोल्हापुरात प्रत्येकाला कुणा ना कुणा आजोबांनी सांगितलेलं असतं. ते किती खरं, हा वाद इतिहासवाल्यांनी घालावा. दगड मात्र खरा. अंबाबाईचं देऊळ, पन्हाळ्याचा तट, पेठेतल्या जुन्या घरांची जोती, घरचा पाटा-वरवंटा, सगळीकडे तोच काळा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून वर आलेला, थरावर थर साचत थंड झालेला लाव्हा.

हा लाव्हा ज्या चुलीवर शिजला, ती चूल अजून पेटलेली आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांचं मत असं, की पृथ्वीच्या पोटातली ती तापलेली धार साधारण जागेवरच राहिली आणि वरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आला. खाली एकाच ठिकाणी जाळ असावा आणि वरून भाकरी हळूहळू ओढत न्यावी, तसे डाग पडत गेले. आधी दख्खनचं पठार, मग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसची समुद्राखालची रांग, मग मॉरिशस आणि सगळ्यात ताजा डाग म्हणजे रियुनियन. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे सातशे किलोमीटरवर असलेलं हे फ्रान्सचं बेट. तिथल्या जागत्या ज्वालामुखीचं नाव पिताँ द ला फुर्नेझ, म्हणजे सरळ मराठीत भट्टीचा डोंगर.

बेट केवढं? २,५१२ चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्याच्या एक तृतीयांश. पण उंची बघा. पिताँ दे नेज हे शिखर ३,०७० मीटरचं, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. आणि वय अवघं वीस-तीस लाख वर्षं. आपल्या दगडापुढे हे बेट म्हणजे कालचं पोर. दगड एकाच घरातला, तर वरचं रानही आपल्यासारखंच असेल असं मला वाटायचं. काही बाबतीत ते खरंच तसं आहे. बाकीच्या बाबतीत मात्र मधला समुद्र आड आला.

आधी सारखेपणा. एसटीने गगनबावड्याहून कोल्हापूरमार्गे शिरोळला गेलात तर शंभरेक किलोमीटरमध्ये पावसाचे तीन वेगवेगळे मुलुख लागतात. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, शहरात हजाराच्या आसपास, शिरोळकडे त्याच्या निम्मा. खिडकीतून बघत गेलं तर झाडं ते बरोबर सांगतात. घाटमाथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचं दाट सदाहरित रान, आणि पूर्वेला बाभूळ-बोरी. रियुनियनला हाच प्रकार, फक्त आणखी दाटीवाटीने. तिथे वारे वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून येतात. पूर्वेचा उतार ते अंगावर घेतो, आणि त्या बाजूच्या काही डोंगरांवर वर्षाला दहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पश्चिम किनाऱ्याला पाचशेच्या आसपास. बेटाची रुंदी पन्नास किलोमीटरसुद्धा नाही!

त्यात वादळं. १९६६ च्या जानेवारीत तिथल्या फॉक-फॉक या ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. १९८० च्या जानेवारीत एका डोंगरावर पंधरा दिवसांत ६,०८३ मिलिमीटर. गगनबावडेकराला पावसाच्या गोष्टी कुणी सांगू नयेत हे मान्य, पण त्यांचा अख्ख्या वर्षाचा पाऊस तिथे एका पंधरवड्यात होऊन गेला होता.

आता किनाऱ्यापासून वर चढू या. वाळूत पहिली भेटते ती आपली मर्यादवेल. मालवणच्या किनाऱ्यावर जांभळ्या फुलांची जी वेल पसरलेली असते, तीच. तिच्या बिया खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने तरंगतात, म्हणून उष्ण प्रदेशातला बहुतेक कुठलाही किनारा तिला परका नाही. पूर्वेला, जिथे लाव्ह्याचे काळे कडे थेट समुद्रात उतरतात, तिथे केवड्याच्या कुळातलं एक झाड वाऱ्याला टेकू देत उभं असतं. सुरूची झाडंही दिसतात, पण ती कोकणासारखीच माणसाने आणून लावलेली.

त्याच्या वर मात्र कोल्हापूरकराला डोळे बांधून नेऊन सोडलं तर तो म्हणेल, हे कागल की शिरोली? कारण जिकडेतिकडे ऊस. सखल भागातलं मूळचं जंगल तोडून गेल्या दोन शतकांत तिथे ऊस आला. (शेजारच्या मॉरिशसला याच उसापायी कोकणातून मराठी मजूर गेले, त्यांची पतवंडं आजही तिथे मराठी म्हणवून घेतात.) पश्चिमेच्या कोरड्या उताराचं जंगल तर जेमतेम एक टक्का शिल्लक आहे.

त्या उरलेल्या तुकड्यांत एक विचित्र गोष्ट दिसते. कितीतरी झाडांची लहानपणीची पानं आणि मोठेपणीची पानं इतकी वेगळी, की रोप आणि झाड एकाच जातीचं आहे यावर विश्वास बसू नये. रोपाची पानं अरुंद, कधी लालसर. मान पोहोचणार नाही इतकं झाड वाढलं की पानं रुंद आणि हिरवी. कुणाची मान? महाकाय कासवाची. या बेटावर वटवाघळं सोडली तर सस्तन प्राणी आपणहून पोहोचलेच नाहीत. गाईगुरांचं काम कासवं करत. त्यांना फसवण्यासाठी हा वेश असावा असा वनस्पतिशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १६६० च्या दशकात माणूस राहायला आला आणि त्याने कासवं खाऊन संपवली. झाडं अजून वेश बदलतायत.

आठशे मीटरच्या पुढे ढगांचं राज्य सुरू होतं. इथल्या रानाला स्थानिक लोक 'रंगांच्या लाकडांचं रान' म्हणतात, कारण एकाच वावभर जागेत पाच-सहा जातींची, वेगवेगळ्या रंगाच्या लाकडाची झाडं मिसळलेली. झाडं उंच नाहीत, दाजीपूरच्या घाटमाथ्यावर वाऱ्याने खुजी केलेली झाडं आठवावीत, तशी. खोडांवर शेवाळ, नेचे आणि ऑर्किड.

ऑर्किडांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. यातली अँग्रेकम ही मंडळी मूळची मादागास्करची. तिकडे त्यांची फुलं पांढरी, रात्री सुगंधी आणि मागे लांब नळीचं शेपूट असलेली. त्या नळीच्या तळाशी मध, आणि तिथवर पोहोचणारी लांब सोंडेचा पतंग ही एकच आसामी. रियुनियनला बी आलं, पण पतंगाची साथ मिळाली नाही. मग काहींनी नळी आखूड केली, आणि मध प्यायला आला चष्मेवाला! आपल्या राधानगरीत, अगदी शहरातल्या बागेतही डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला जो चिमुकला पिवळट पक्षी दिसतो, त्याचेच हे भाऊबंद. त्याहून नवल अँग्रेकम कादेती या जातीचं. तिचं परागीभवन चक्क रातकिड्याच्या जातकुळीतला एक कीटक करतो. रात्री कॅमेरा लावून बसलेल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे प्रसिद्ध केलं तोवर ही जमात फुलं कुरतडणारी म्हणूनच माहीत होती.

व्हॅनिला हेही ऑर्किडच, पण मेक्सिकोतून आणलेलं. रियुनियनला वेल वाढे, फुले, शेंग मात्र धरेना. १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागीभवन हाताने करून दाखवलं. जगभरातले व्हॅनिलाचे मळे आजही तेच करतात.

पंधराशे ते एकोणीसशे मीटरच्या पट्ट्यात एकच झाड मातब्बर होतं. फ्रेंच वसाहतवाल्यांनी त्याला नाव दिलं 'डोंगरावरची चिंच', पण ती बाभळीची सख्खी बहीण. याचं रूप ओळखायला परदेशी जायची गरज नाही. सामाजिक वनीकरणवाल्यांनी आपल्याकडे माळामाळावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली आहे. तिच्या झाडाखाली पावसाळ्यात उगवलेलं बोटभर रोप बघा. पहिली दोन-तीन पानं बाभळीसारखी बारीक, पिसासारखी. नंतर देठच पसरट होत जातो आणि शेवटी पिसं गळून देठाचंच कोयत्याच्या आकाराचं पान उरतं. डोंगरावरची चिंच अगदी असंच करते. तिच्या जनुकांचा अभ्यास २०१४ मध्ये आला आणि भलतीच सोयरीक निघाली. तिचे पूर्वज आले हवाई बेटांवरून, सुमारे १८,००० किलोमीटरवरून, अंदाजे चौदा लाख वर्षांपूर्वी. तिथून थेट इथे. एखाद्या समुद्रपक्ष्याने बी आणलं असावं, एवढाच तर्क करता येतो. एक ज्वालामुखी बेट सोडून बियाण्याने दुसरं ज्वालामुखी बेट गाठलं आणि तिथेही त्याच उंचीवर, त्याच धुक्यात घर केलं.

दोन हजार मीटरच्या आसपास ढग संपतात. चढत जाणारी हवा शंभर मीटरला सहा-सात दशांश अंशाने थंड होत जाते, पण इथे वरून खाली दबणाऱ्या कोरड्या, तुलनेने उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. ढग त्या झाकणाला टेकून पसरतात. खाली चिंब, वर कडकडीत ऊन आणि हिवाळ्यात पहाटे दहिवर गोठून बर्फ. झाडं एकदम झुडपं होतात. एरिका नावाचं सुईसारख्या पानांचं झुडूप सगळीकडे, आणि त्यात सूर्यफुलाच्या घराण्यातली लाकूडवाली झुडपं, पानांवर पांढरी मखमल पांघरलेली. आपल्याकडे या घराण्यातली बहुतेक मंडळी पावसाळ्यात उगवून दिवाळीनंतर वाळणारी. बेटावर झाडांची गर्दी नाही म्हटल्यावर त्यांनी खोडं धरली.

आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होताना बघायचं असेल तर भट्टीच्या डोंगराच्या पूर्व उतारावर जावं. २००७ च्या एप्रिलमधल्या मोठ्या उद्रेकात लाव्ह्याने हमरस्ता ओलांडला, समुद्र गाठला आणि बेटाची जमीन वाढवली. अशा नव्या दगडावर सगळ्यात आधी येतं रुपेरी राखाडी दगडफूल. कांदा-लसूण मसाल्यात पडतं त्याचा दूरचा नातेवाईक. मग भेगांतून नेचे, मग झुडपं, मग झाडं. कुठला लाव्हा कोणत्या साली वाहिला याच्या नोंदी असल्यामुळे हा उतार म्हणजे जंगलाची वहीच आहे. त्या वहीत एक खाडाखोडही आहे. जुन्या लाव्ह्यावर मोठ्या गराच्या फळांची झाडं आहेत. माणूस आल्यानंतरच्या लाव्ह्यावर ती फारशी येतच नाहीत. फळं खाऊन बिया टाकणारी कासवं आणि पक्षी उरले नाहीत, मग बी नेणार कोण?

मोकळ्या जागा भरायला दुसरेच तयार असतात. घाणेरीने आपल्या माळांवर काय केलंय ते सांगायला नको. ती तिथेही पोहोचलीय. पण मला चटका लावून गेली ती आपलीच माधवीलता. संस्कृत कवींच्या लताकुंजातली ही वेल हौसेने बागेत नेली आणि कोरड्या जंगलाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत झाडांवर चढून त्यांना गुदमरवते आहे. सोनटक्क्याची हिमालयातली पिवळी बहीण वरच्या ओल्या रानात तोच उद्योग करते. गजऱ्यातली फुलं दुसऱ्याच्या घरी तण ठरली. तरीही मूळच्या रानाचा सुमारे तीस टक्के भाग तिथे टिकून आहे, आणि त्याचं श्रेय ऊस जिथे चढू शकला नाही त्या सरळसोट कड्यांना जास्त जातं. २०१० मध्ये ते डोंगर जागतिक वारशाच्या यादीत गेले, दोन वर्षांनी आपलं राधानगरी गेलं.

या हिरव्या जिन्यालाही वय असतं. शेजारचं मॉरिशस त्याच चुलीवरचं, पण सुमारे ऐंशी लाख वर्षांचं. चूल मागे पडली की नवा दगड मिळत नाही, पाऊस झिजवत राहतो आणि समुद्राचा तळही हळूहळू खचतो. तिथलं सर्वांत उंच शिखर आता ८२८ मीटर, पन्हाळ्याहून ठेंगणं. डोंगरावरची चिंच जिथे रान करते तेवढी उंचीच तिथे उरलेली नाही. आणखी उत्तरेला, आपल्या दिशेने सरकलं की मालदीव. तिथला काळा दगड केव्हाच पाण्याखाली गेला. वर दिसतं ते त्याच्या डोक्यावर प्रवाळांनी बांधलेलं पांढरं कडं, समुद्रापासून दोन-अडीच मीटर उंच. त्यावर नारळ, आणि वाळूत पसरलेली मर्यादवेल.