शॉटगन माइक की कॉलर माइक? पहिल्या शॉर्ट फिल्मसाठी काय घ्यायचं

आमच्या सांगलीत कुणी पहिली शॉर्ट फिल्म करायला काढली की पंधरा दिवस चर्चा कॅमेऱ्यावरच, कॅनन बरा का सोनी बरा, आणि आवाजाचा विषय निघाला की "एक बाहेरचा माइक घेऊ की" म्हणून मिटवतात. आता बाहेरचा म्हणजे कुठला? शॉटगन आणि कॉलर दोन्ही बाहेरचेच, पण कामं पार वेगळी.

कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकतो. बऱ्यापैकी मोबाईल असेल तर चालतंय, फक्त ऑटो बंद करून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंदावर लॉक करा, कारण आपली लाइट 50 हर्ट्झची आहे, शटर 1/60 वर राहिलं तर ट्यूबखाली चित्र लुकलुकायला लागतं. वाचलेले पैसे आवाजाला लावा.

शॉटगन म्हणजे ती लांबुळकी नळी, अंगाला खाचा असलेली. बाजूनं येणारा आवाज त्या खाचांतून थोडा थोडा मागंपुढं आत शिरतो आणि एकमेकाला खाऊन टाकतो, समोरचा तेवढा सरळ पोचतो. बास, एवढंच तिचं काम. लोक काय समजतात, की ही लांबचा आवाज झूम करून जवळ आणते, म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून आठ फुटांवरनं डायलॉग घेतात. तसं नसतंय ओ. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो, मग 8 इंचावरचा माइक 64 इंचावर नेला, म्हणजे तीनदा दुप्पट, जेमतेम सव्वापाच फूट, तरी 18 डेसिबल गेले आणि तिथं पंखा, कुत्री, शेजारचा टीव्ही येऊन बसले. त्यात जाड आवाज नळी फारसा अडवत नाही, त्यामुळं ऊस सीझनला रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की त्याची घरघर कुठनं का येईना, रेकॉर्ड होणारच.

शॉटगन खरी चालते ती काठीवर, फ्रेमच्या जरा वर, तोंडापासून दीड-दोन फुटांवर धरली तर. मेणवलीच्या घाटावर किंवा हरिपूरला संगमावर असं मोकळ्या जागेत तिचा आवाज लई गोड येतो. चाळकेवाडीच्या पठारावर मात्र वाऱ्यापुढं माइकवरच्या नुसत्या फोमच्या टोपीनं भागत नाही, केसाळ टोपी पाहिजेच, पवनचक्क्या तिथं उगाच लावल्यात का! घरात उलटं होतं, फरशी आणि प्लॅस्टरच्या भिंतींवरनं आवाज आपटून येतो आणि शॉटगनमध्ये तो डब्यातनं बोलल्यासारखा लागतो. फ्रेमच्या बाहेर दोन-तीन वाकळा टांगल्या की बराच फरक पडतो.

कॉलर माइक सगळ्या बाजूंनी ऐकतो, पण छातीवर, हनुवटीखाली वीतभर अंतरावर असतो म्हणून जिंकतो. खोलीतला सीन असेल आणि काठी धरायला माणूस नसेल तर डोळे झाकून हाच घ्या. त्याचं दुखणं वेगळं, कपडा घासला की खरखर. सुती कापड बरं, सिंथेटिक साडी वैताग आणते, आणि मंगळसूत्र तर माइकवर टकटक वाजतच राहतं, ते मेडिकलातली मायक्रोपोर चिकटपट्टी लावून आतनं चिकटवून टाकायचं. म्हातारबाबाचं पात्र फेटेवालं असेल तर फेट्याच्या घडीत लपवा, चांगला येतो आवाज. स्वस्तातले वायरलेस बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळं वायफायच्या गर्दीत किंवा कलाकारानं पाठ फिरवली की मधीच तुटतात. माइकच्या वायरची पिनही बघून घ्या, तीन काळ्या रेघा म्हणजे मोबाईलची, दोन म्हणजे कॅमेऱ्याची, चुकीची लावली तर बऱ्याचदा माइकचा आवाजच येत नाही.

माझं मत विचाराल तर विकत कॉलर घ्यायचा आणि आउटडोअरच्या दिवसापुरती शॉटगन काठीसकट भाड्यानं आणायची. तेवढंही जमत नसेल तर दुसरा मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून कलाकाराच्या वरच्या खिशात ठेवा, रेकॉर्डिंग चालू, कॅमेऱ्यासमोर एक टाळी, एडिटला त्या टाळीवर जुळवायचं. कॅमेऱ्यावरच्या शॉटगनपेक्षा हे बरं निघतं. हेडफोन मात्र कुणाच्या तरी कानाला लागलेला पाहिजे, आणि घरघर नको म्हणून फ्रीज बंद केला असेल तर त्याच्यात गाडीची किल्ली ठेवून द्या, म्हणजे जाताना चालू करायचं राहत नाही.