संगणकातून बाहेर कोण बोलतंय?

संगणकावरचे सगळे प्रोग्राम बंद करा, ब्राउझरसुद्धा. विंडोज असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा आणि नेटवर्कच्या टॅबमधली टीसीपी जोडण्यांची, म्हणजे नेटवरच्या इतर संगणकांशी चालू असलेल्या संपर्कांची, यादी पाहा. ती रिकामी नसते. कुणी नवीन अपडेट आलंय का ते विचारत असतं, कुणी क्लाउडवरच्या फायली जुळवत असतं, कुणी आपल्या वापराची आकडेवारी तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला कळवत असतं. यातलं बरंचसं गरजेचंही असतं. मला खटकतं ते हे, की सगळं आपल्या नकळत चालतं.

नेटवरची ये-जा तपासणारी फायरवॉल आहे की, असं कुणीही म्हणेल. आहे, पण तिचं तोंड बाहेरच्या दिशेला आहे. २००३ साली ब्लास्टर नावाच्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, नेटला जोडलेल्या विंडोज संगणकांत बाहेरून शिरून धुमाकूळ घातला. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून (मोठ्या अपडेटपासून) विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली, तीही फक्त आत येणाऱ्यांना अडवण्यासाठी. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर नियम लावायची सोय व्हिस्टा या पुढच्या आवृत्तीपासून आली. पण मूळ सेटिंग आजही तेच आहे: आत येणारं अडवा, बाहेर जाणारं सोडा. आतून सुरू झालेल्या जोडणीला आलेलं उत्तरही विनाचौकशी आत येतं. म्हणजे एकदा संगणकात बसलेल्या प्रोग्रामला दोन्ही बाजूंनी रान मोकळं.

मग राउटरवरच पहारा का बसवू नये? कारण राउटरला अर्धंच दिसतं. नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता (नेटवरचा आकडी पत्ता) असतो आणि बहुतेक पॅकेटवर ० ते ६५५३५ मधले दोन पोर्ट क्रमांक असतात, जोडणी संगणकातल्या कुठल्या दारातून होते ते सांगणारे. पाठवणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहायला त्यात जागाच नाही. राउटरला एवढंच कळतं, की या लॅपटॉपवरून त्या पत्त्याच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर काहीतरी गेलं. ते फोटो एडिटरने पाठवलं की व्हायरसने, हे एकाच ठिकाणी ठाऊक असतं, ते म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये. कुठलं पोर्ट कुठल्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) उघडलंय याची नोंद तिथे ठेवलेली असते. तुमचा रिसोर्स मॉनिटर ती नोंदच वाचून दाखवतो.

बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या फायरवॉल याच नोंदीवर चालतात. मॅकसाठी लिटल स्निच आणि मोफत मिळणारा लुलू, लिनक्ससाठी ओपनस्निच, विंडोजसाठी सिंपलवॉल, अँड्रॉइडसाठी नेटगार्ड. कामाची रीत साधारण सारखी. प्रोग्रामने अनोळखी पत्त्यावर जोडणी करायचा प्रयत्न केला की तिला तिथेच थोपवायचं आणि नियमात बसते का ते बघायचं. नियम नसेल तर अशा बऱ्याच फायरवॉल पडद्यावर विचारतात, की अमुक प्रोग्रामला तमुक ठिकाणी जायचंय, सोडू का? पाठवलेला मजकूर बहुधा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, असतो, तो वाचता येत नाही. पण कोण, कुठे, कधी आणि किती, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. फक्त फोटो कापायला घेतलेला प्रोग्राम दर तासाला कुठल्याशा जाहिरात कंपनीच्या सर्व्हरशी बोलतोय, हे समजायला मजकूर वाचावा लागत नाही.

यातला अवघड भाग आहे ‘कुठे’. कर्नलला दिसतो नुसता आकडी पत्ता, आणि मोठ्या सीडीएनच्या (अनेक वेबसाइटचा मजकूर आपल्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवांच्या) एकेका पत्त्यामागे असंख्य वेबसाइट असतात. म्हणून फायरवॉल डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, उत्तरं ऐकून कुठल्या नावाचा कुठला पत्ता मिळाला ते लक्षात ठेवतात. २०१८ मध्ये एचटीटीपीएसमधून, म्हणजे वेबसाइट वापरतात त्या एन्क्रिप्ट केलेल्या वाटेने, डीएनएस विचारण्याचं मानक ठरलं. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइट पाहता ते कळू नये, हा त्यामागचा रास्त हेतू. पण एखाद्या प्रोग्रामने स्वतःच ही वाट धरली तर त्याने काय विचारलं ते तुमच्या फायरवॉललाही कळत नाही. जे कुलूप इतरांपासून तुम्हाला वाचवतं, तेच तुमच्या संगणकातल्या प्रोग्रामला तुमच्यापासूनही झाकतं. या पेचावर सरळ उपाय मला अजून दिसलेला नाही.

फायरवॉल बसवल्यावर पहिले काही दिवस काहीही न अडवता नुसतं बघत राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज अधूनमधून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक इवलीशी फाइल मागवतं, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. नेट चालू आहे का, हे त्यावरून तपासलं जातं. घाईघाईत ती जोडणी अडवली तर नेट व्यवस्थित चालत असूनही खाली ‘इंटरनेट नाही’ असं दिसू लागतं. सुरक्षेची अपडेट अडवणं तर घातकच. शिवाय विंडोजच्या अनेक सेवा एसव्हीसीहोस्ट या एकाच नावाखाली चालतात, त्यामुळे नुसत्या नावावरून निकाल देता येत नाही. ब्राउझरचंही तसंच. तो पाहिजेच, म्हणून त्याला सोडावं लागतं, आणि त्याच्यासोबत पानांतले पाळत ठेवणारे ट्रॅकरही सुटतात. त्यांच्यासाठी ब्राउझरच्या आतच ब्लॉकर हवा.

आणि हे सारं ऑपरेटिंग सिस्टीम खरं सांगते या भरवशावर उभं आहे. १२ नोव्हेंबर २०२० रोजी, मॅकओएसची बिग सर ही आवृत्ती आली त्याच दिवशी, जगभरच्या मॅकवर प्रोग्राम उघडायला विलक्षण वेळ लागू लागला. प्रोग्राम उघडताना त्याच्या डेव्हलपरचं प्रमाणपत्र रद्द झालंय का, हे मॅक ॲपलच्या सर्व्हरला विचारतो, आणि तो सर्व्हर रखडला होता. ही विचारणा तेव्हा एन्क्रिप्शनशिवाय जात होती, हेही तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. त्याहून गंभीर बाब अशी, की बिग सरमध्ये ॲपलने आपल्याच पन्नासेक प्रोग्रामना एका सवलतीच्या यादीत टाकलं होतं. त्यांच्या जोडण्या लिटल स्निच किंवा लुलूसारख्या फायरवॉलना दिसतच नव्हत्या. लुलूचे कर्ते पॅट्रिक वॉर्डल यांनी दाखवून दिलं, की घातक प्रोग्रामही या सवलतीचा आडोसा घेऊन माहिती बाहेर पाठवू शकतो. बरीच टीका झाल्यावर, २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या ११.२ आवृत्तीत ॲपलने ती यादी काढून टाकली.