मायक्रो-फ्रंटएंड म्हणजे प्रत्येक टीमला हवं ते फ्रेमवर्क? नाही!

मोठ्या शॉपिंग साइटचा फ्रंटएंड, म्हणजे ग्राहकाला दिसणारा भाग, तोडून एकेक तुकडा एकेका टीमकडे द्यायचा (यालाच मायक्रो-फ्रंटएंड म्हणतात) म्हटलं की एक दावा हमखास ऐकू येतो: "आता एक टीम रिअ‍ॅक्ट वापरेल, दुसरी व्ह्यू, तिसरी अँग्युलर, आणि हाच याचा मोठा फायदा." हा गैरसमज आहे, आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर ही फ्रेमवर्क, म्हणजे पानं बांधायच्या तयार कोडच्या चौकटी. एकाच पानासाठी ग्राहकाच्या फोनवर अशी तीन-तीन फ्रेमवर्क उतरतात. स्वस्त फोनवर, कमी नेटवर्कमध्ये 'कार्टमध्ये टाका' हे बटण दिसतं, पण दाबलं तरी हलत नाही.

ऑनलाइन फॅशन विकणाऱ्या बर्लिनच्या झालांडो कंपनीचा अनुभव पाहा. त्यांच्या 'मोझॅक' रचनेत पानाचा प्रत्येक तुकडा वेगळ्या टीमची वेगळी सेवा पुरवायची आणि 'टेलर' हे सॉफ्टवेअर ते तुकडे सर्व्हरवर जोडायचं. टीम स्वतंत्र झाल्या, पण पानांचं दिसणं-वागणं एकसारखं राखणं कठीण झालं. पुढच्या 'इंटरफेस फ्रेमवर्क'मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी रिअ‍ॅक्टच ठरवलं. तुकडे मात्र टीमकडेच राहिले.

थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीच्या टेक्नॉलॉजी रडारवर, म्हणजे कोणतं तंत्र वापरावं आणि कोणतं टाळावं हे सांगणाऱ्या यादीत, मायक्रो-फ्रंटएंडची कल्पना 2016 मध्ये आली. त्याच रडारने 2020 मध्ये फ्रेमवर्कच्या सरमिसळीला 'मायक्रो-फ्रंटएंड अराजक' म्हणत ती टाळायला सांगितलं.

खरा फायदा वेगळा आहे. चेकआउटच्या टीमला सर्चच्या टीमची वाट न पाहता आपला बदल लाइव्ह करता येतो. दुसरं फ्रेमवर्क चालेल ते फक्त जुन्याकडून नव्याकडे जाताना, आणि तेही जुनं कधी काढणार हे आधी ठरवूनच.